जवळा निवडायची जागा

"ही मी?" सोमीनं फोटो हातात उलटासुलटा केला आणि शेजारच्या शकूच्या नाकासमोर धरला. "बग गं. ही मी नाय, ही माझी सासू हाय. मेल्यावर परत आलेली!"

नवापूरच्या किनाऱ्यावर एकच हशा पिकला. चौतीस बायका आणि चौतीस फोटो. प्रत्येकीच्या फोटोत कपाळ पांढरंफटक, डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे आणि तोंड कडू औषध प्यायल्यासारखं. कुणाचा फोटो कुणाचा हेच कळेना, तेव्हा त्यांनी हवे तसे वाटून घेतले. शकूला तर मिश्या असलेला एक मिळाला. नाकाची सावली ओठावर पडली होती.

रखमा मात्र हसली नाही. वाळूत उभी राहून ती गळ्यातल्या कॅमेऱ्याचा पट्टा बोटाभोवती गुंडाळत होती. ते फोटो तिनं काढलेले होते.

पालघरला स्टेशनजवळ तिच्या नवऱ्याचा, पंढरीचा, फोटोचा स्टुडिओ होता. सिन्नरकडचं हे जोडपं सहा वर्षांपूर्वी इकडे आलं. तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम सुरू झालं, माणसांची रीघ लागली आणि प्रत्येकाला गेटपाससाठी फोटो लागू लागला. पंढरी फोटो काढायचा आणि रखमा मागच्या खोलीत बसून बारीक पेन्सिलीनं निगेटिव्हवरचे डाग झाकायची. निगेटिव्हमध्ये केस पांढरे आणि दात काळे. सहा वर्षं तिनं माणसं अशीच पाहिली होती. बाजारात कुणी समोर आलं, तर त्याचा चेहरा मनात तसा उलटा, काळ्याचा पांढरा, केल्याशिवाय तिला ओळख पटायची नाही.

गेल्या आठवड्यात पंढरी शिडीवरून पडला आणि त्याचा पाय प्लॅस्टरमध्ये गेला. नेमकं त्याच वेळी मुकादम बळवंत दारात आला. नवापूरच्या चौतीस बायका कामावर खडी वाहायला जात होत्या. सोमवारपासून फोटोचा पास नसेल तिला आत सोडणार नव्हते.

"मी जाते," रखमा म्हणाली होती.

पंढरीनं तिला एकच नियम पढवला. "सूर्य आपल्या पाठीशी घ्यायचा. ऊन समोरच्याच्या तोंडावर. झालं काम."

मंगळवारी तिनं अगदी तसंच केलं. भर दुपारी चौतीस बायकांना ओळीनं उन्हाकडे तोंड करून उभं केलं. आज गुरुवार, आणि सगळे फोटो पासाच्या कचेरीतून परत आले होते. 'चेहरा ओळखता येत नाही' असा शेरा होता.

"वहिनी, दोन तासांत माझा ट्रक सुटणार," बळवंत घड्याळाकडे बघत म्हणाला. "परवा सकाळी फोटो कचेरीत पाहिजेत. नाहीतर या सगळ्या घरी बसतील, आणि साहेब मुंबईचा फोटोग्राफर आणायचं म्हणतोय. घ्या उरकून."

रखमानं वर पाहिलं. कार्तिकातलं ऊन. आभाळ धुतल्यासारखं. समुद्रावरून नुसता चकचकाट येत होता. पंढरीनं निघताना बजावलं होतं, "या खेपेला आणखी कडक ऊन बघ." सोमी समोर येऊन उभी राहिली. तिनं उन्हाकडे तोंड केलं आणि तिचे डोळे आपोआप मिटले.

रखमानं कॅमेरा खाली घेतला.

"काय झालं?"

"काही नाही. जरा थांबा."

"थांबा काय? ट्रक..."

"भाऊ, अजून तशीच चौतीस भुतं काढून देऊ का? थांबा म्हटलं ना."

आपला आवाज इतका मोठा निघेल असं तिलाही वाटलं नव्हतं. बळवंत ट्रककडे वळला. सोमीनं त्याच्याकडे बघून जीभ दाखवली.

पण थांबून करायचं काय, हे रखमाला ठाऊक नव्हतं. पाणी मागायला ती सगळ्यात जवळच्या घराकडे वळली. घराला मागच्या, उत्तरेच्या बाजूनं पडवी होती. तिथं साखरबाई नावाची म्हातारी बसली होती. पुढ्यात सुपात जवळा घेऊन त्यातला काडीकचरा निवडत होती. जवळा म्हणजे नखाएवढी सुकी कोलंबी. त्यात वाळू, शिंपल्याचे तुकडे, गवत, काय काय येतं.

"बस बाय. पानी देते," म्हातारी म्हणाली आणि मान वर केली.

रखमा जागच्या जागी खिळली. म्हातारीचा चेहरा तिला सबंध दिसत होता. सुरकुती न् सुरकुती, डोळ्यांतली करडी कड, हनुवटीवरचं निळं गोंदण. कुठं काळा खड्डा नाही, कुठं पांढरा डाग नाही. सवयीनं तिनं तो मनात उलटा करून पाहिला. पेन्सिल लावायला जागाच नव्हती.

"आजी, तुम्ही रोज इथंच बसता?"

"मंग? माझी सासू पन हितंच बसायची."

"का? बाहेर जास्त उजेड आहे."

म्हातारीला या प्रश्नाचं नवल वाटलं. "बाहेर ऊन हाय. उनात जवला निवडशील तर डोले दिपतात, सावली पडते, खडा सुटतो. घरात बसशील तर काय दिसत नाय. हितं ऊन येत नाय, पन पुढची वालू बग कशी तापलीय. तिचा उजेड खालून येतो. आभालाचा वरून. बारीकातला बारीक खडा दिसतो." मग तिनं रखमाकडे निरखून पाहिलं. "तुला कुनी सांगितलं नाय?"

"नाही," रखमा म्हणाली. "मला सूर्य पाठीशी घ्यायला सांगितलं होतं."

"सांगनारा बापया असेल," म्हातारी म्हणाली. "त्यांना कुटं निवडाया बसायचं असतंय."

पाणी प्यायचं राहूनच गेलं. रखमा पडवीच्या टोकाशी येऊन ओरडली, "सोमीबाई! सगळ्याजणी इकडे या!"

पडवीत बायकांची दाटी झाली. पहिल्या दोघी-तिघी पुन्हा ताठ उभ्या राहिल्या, श्वास कोंडून, जणू लाट अंगावर येतेय. रखमानं कॅमेरा डोळ्याला लावला, परत काढला. मग तिनं साखरबाईचं सूप ओढून सोमीपुढे ठेवलं.

"बसा. निवडा."

"फोटो काढायला आलीस का जवला निवडून घ्यायला?"

"दोन्ही."

सोमी बसली. बोटं सुपात गेली आणि खांदे आपोआप खाली आले. ओठ सैल झाले. रखमा तिच्यापासून तीन हात अंतरावर गुडघे टेकून बसली. तिनं घाई केली नाही. मग हळूच हाक मारली, "सोमीबाई!"

सोमीनं वर पाहिलं. कॅमेऱ्याचा खटका वाजला.

"झालं?"

"झालं. आता शकूबाई."

एकेक जण येत गेली, बसत गेली, हाकेला मान वर करत गेली. बाहेर बळवंतनं दोनदा हॉर्न वाजवला. कुणी लक्ष दिलं नाही. शेवटची बाई उठली तेव्हा साखरबाईनं सूप पाहिलं आणि म्हणाली, "माझा चार दिसांचा जवला निवडून झाला. परत ये गं बाय."

संध्याकाळी पंढरी पाय स्टुलावर ठेवून वाटच पाहत होता. "सूर्य पाठीशी घेतलास ना?"

"नाही. सावलीत काढले."

"सावलीत?" त्यानं कपाळाला हात लावला. "मग गेलं सगळं, रखमा. आता मुंबईवाला येईल आणि आपण हात चोळत बसू."

तिनं फिल्म धुतली, वाळवली आणि डार्करूममध्ये पहिला कागद औषधात सोडला. पंढरीही काठी टेकत आत आला आणि लाल दिव्याखाली दोघं ट्रेवर वाकले. आधी एक भुवई आली. मग डोळे, गालावरचा देवीचा वण, कानातली बुगडी. सोमी त्यांच्याकडे बघत होती, कुणीतरी घरचं माणूस दारात आलंय तशी.

पंढरी बराच वेळ वाकलेलाच राहिला. "हे कुठं काढलंस?"

"जवळा निवडतात तिथं."

"ऊन किती होतं?"

"ऊन नव्हतंच. उजेड होता."

त्यानं मान हलवली. दुसरा कागद त्यानं स्वतः पुढे केला. तिसरा फोटो वर आला तेव्हा रखमानं सवयीनं पेन्सिल शोधली. पंढरी म्हणाला, "राहू दे. काय झाकणार आहेस?"

शनिवारी फोटो कचेरीत गेले. या वेळी एकही परत आला नाही.

सोमवारी सकाळी रखमा पहिल्या गाडीनं बोईसरला उतरली आणि बळवंतच्या ट्रकमधून कामाच्या गेटपर्यंत गेली. तिथं तिचं काही काम नव्हतं. बघायचं होतं, एवढंच.

एरवी बळवंत गेटवर उभा राहून डोकी मोजायचा आणि चौतीस भरली की आत सोडायचा. आज गेटवर उत्तरेकडचा एक नवा पहारेकरी होता. बायका रांगेत, पाटी काखेत, पास हातात. सोमी पुढे झाली. त्यानं पास पाहिला, तिचा चेहरा पाहिला, पुन्हा पास पाहिला.

"ठीक है. जाओ."

सोमी हलली नाही. "नाव वाच."

"क्या?"

"फोटूखाली नाव हाय. वाच ना."

पहारेकऱ्यानं पास डोळ्यांजवळ नेला. अक्षरं लावत तो म्हणाला, "सोमीबाई गोमा तांडेल."

"हां," सोमी म्हणाली आणि आत गेली.

शकू आली. तीही उभी राहिली. तिनं काही सांगितलं नाही, पण त्याच्या लक्षात आलं. त्यानं तिचंही नाव वाचलं. मग तिसरीचं. बळवंत मागून "चला, चला" करत होता, पण रांगेला घाई नव्हती. नाव आलं की बाई मान वर करायची, "हां" म्हणायची आणि पुढे व्हायची. रस्त्याच्या पलीकडे बाभळीखाली रखमा उभी होती. कॅमेरा तिनं आणलाच नव्हता. चौतिसावं नाव वाचून होईपर्यंत ती तिथून हलली नाही.