मनगटावरची गांध

नीतूचं लग्न झालं त्याच वर्षी, पोळ्यानंतर, धुरपताबाई गावी परतली. पहिल्याच संध्याकाळी छपरीत बसली असताना मनगटावर डास चावला आणि बघता बघता तिथं बोराएवढी गांध उठली.

समोर बाजेवर तिचा नवरा मनिराम बसला होता. त्याच्या उघड्या पोटरीवर डास निवांत बसले होते आणि तो त्यांना हाकलतही नव्हता.

"तुमाले नाई चावत का जी?" तिनं खाजवत विचारलं.

"चावते ना. पोट आहे त्याईलेबी." मनिराम हसला. "पन गांध नाई येत. तू पाव्हनी झाली, उमेंद्रची माय."

"तुमच्याच नातीले वाढवाले गेली होती मी. जत्रेले नाई गेली."

तो थट्टेनं बोलला होता, पण तिला ते झोंबलं. नीतू पोटात होती तेव्हा मुलानं, उमेंद्रनं, तिला फुलचूरला नेलं होतं. दोन महिन्यांसाठी म्हणून. मग नीतूपाठोपाठ मोहित झाला, सून नोकरीला लागली, आणि त्या दोन महिन्यांत नीतू लग्नाची झाली. मनिराम गावातच राहिला. घरामागची बोडी, छोटं तळंच ते, त्याच्या पणजोबांनी खोदलेली. पाण्याला एकटं टाकून कसा येऊ, म्हणायचा. फुलचूरच्या घरात खिडक्यांना जाळ्या होत्या, भिंतीत डास मारायची मशीन होती. तिथं डास दिसायचा तो टीव्हीवरच्या जाहिरातीत.

या घराची एक रीत होती. दिवाळीच्या संध्याकाळी बोडीच्या पाळीवर, म्हणजे काठच्या बांधावर, पूर्वजांच्या दगडापाशी दिवा लावायचा मान सुनेचा. पण नव्या सुनेला तो लगेच मिळत नसे. सासू तिला तिन्हीसांजेला पाळीवर बसवायची आणि मग कंदिलाशी तिचे हात उलटसुलट करून बघायची. गांध उठते तोवर सून परकी. हात साफ राहिला, की पाण्यानं तिला घरात घेतली. धुरपता दरेकशाच्या डोंगरातून आलेली. डास तिकडं काय कमी होते? पण सासू म्हणायची, तिकडचे वेगळे, बोडीचे वेगळे. पहिली दिवाळी तिची हात खाजवण्यात गेली. दुसऱ्या दिवाळीला सासूनं हात बघितला आणि वात तिच्या बोटांत दिली.

ती फुलचूरला गेल्यापासून तो दिवा मनिरामच लावत होता.

गावातली आरोग्य खात्याची आशाताई, टीना, घरोघरी फिरत आली, तेव्हा तिनं धुरपताबाईचे हात पाहून कपाळाला हात लावला.

"हे का करून घेतलं आजी? पाळीवर कायले बसता सांजेची? मलेरिया झाला म्हंजे?"

"रातच्याले मच्छरदानीतच झोपतो व मी. पन मले सांग, याईले गांध नाई, मलेच काऊन?"

"मच्छर चावते तवा थुक सोडते. अंगाले ते थुक अनोळखी, म्हनून अंग भांडते न् सुजते. रोज रोज चावलं का अंगबी थकते. भांडन सोडते."

"कदी?"

"ते मी का सांगू? कोनाचं लवकर, कोनाचं कदीच नाई."

टीनानं दिलेलं मलम धुरपताबाईनं कोनाड्यात ठेवलं. आणि त्या रात्री जेवताना नवऱ्याला म्हणाली, "दिवाळीवरी हात साफ झाला त राहतो. नाई त उमेंद्र घ्याले येऊन राहिला, जातो त्याच्यासंगं. पाव्हनी म्हनून नाई राहत मी."

 त्यानंतर मनिरामनं पुन्हा थट्टा केली नाही.

मग रोज संध्याकाळी दोघं पाळीवर बसू लागली. धानाला ओंबी भरत होती. तिचा दुधाळ वास पाण्यावरून यायचा. उजेड विरत जायचा आणि डासांचा बारीक सूर कानाशी घोटाळायचा, शेजारच्या खोलीत कुणीतरी लेकराला निजवत असावं तसा. धुरपताबाईचे डोळे मिटायचे. आपण नुकतंच लग्न होऊन आलो आहोत, सासू कंदील घेऊन येतेच आहे, असं वाटायचं. कधी मांडीवर नीतू असल्यासारखी ती पाय हलवायची. मनिरामच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. तो तिचा हात मांडीवर घेऊन अंगठ्यानं चाचपायचा.

"आहे," म्हणायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा, "आहे." अश्विन सरत आला तेव्हा, "आहे. पन लहान."

दिवाळीच्या दुपारी उमेंद्र गाडी घेऊन आला.

"आई, बॅग भरली का?"

"सांज होऊ दे," ती म्हणाली.

सांज झाली. तिघंही पाळीवर गेली. धुरपताबाईच्या मनगटाला आग होत होती. तिथं हरभऱ्याएवढी गांध आहे हे तिला न बघता कळत होतं. तिनं हात पुढं केला.

मनिरामचा अंगठा कोपरापासून सरकत खाली आला आणि गांधेवर थांबला. तिच्याभोवती एकदा हळूच फिरला.

"काईच नाई," तो म्हणाला.

"नीट पाहा जी."

"पाहलं ना. साफ आहे. जा, दिवा लाव."

उमेंद्रनं मोबाइलचा उजेड पाडला. "बाबा, दिसत नाई का तुमाले? एवढी मोठी—"

"बंद कर ते. तुही आजी मोबाइलनं नव्हती पाहत."

उजेड विझला.  धुरपताबाईनं दगडापाशी वाकून वात पेटवली. एक दिवा पाळीवर आणि एक पाण्यात. मनगट खाजत होतं. तिनं त्याला हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी उमेंद्र एकटाच परत गेला.

पुढं कधीतरी, माघात असेल, गांध उठायची थांबली. ते तिच्या ध्यानात आलं तेव्हा तिनं सवयीनं हात बाजूला केला. बाजूला पाळीचं गवत होतं.

मनिराम त्याआधीच, त्याच दिवाळीनंतरच्या मंडईच्या, म्हणजे गावच्या जत्रेच्या, दुसऱ्या दिवशी, सकाळी छपरीतल्या बाजेवर वारला.