खिडकीजवळच्या खाटेची खुर्ची

मी एक जुनी खुर्ची आहे. लाकडी, वेताच्या बैठकीची, हात नसलेली. इस्पितळाच्या दुसऱ्या मजल्यावर पुरुषांचा वॉर्ड आहे, तिथे खिडकीजवळच्या खाटेपाशी मी उभी असते. रोग्याला भेटायला येणाऱ्याने बसावे म्हणून मला इथे ठेवले आहे. मित्रांनो, भेटायला येणाऱ्यांची खुर्ची म्हणजे मोठी वर्दळीची जागा असेल, असे तुम्हाला वाटेल. मलाही तसेच वाटले होते.

माझा जन्म एका सुताराच्या हातून झाला. माणूस अंगाने भरदार होता. एक खुर्ची पुरी झाली की तो तिच्यावर धप्पकन बसायचा, दोनदा डोलायचा आणि मगच तिला पॉलिश लावायचा. माझ्यावर बसून तो म्हणाला, "ही कुरकुरणार नाही." त्याचा शब्द मी पुष्कळ वर्षे राखला. अलीकडे मात्र डाव्या पायातून आवाज येतो. वयच झाले, काय करणार!

आम्हा बहिणींना एका चर्चने मागवून घेतले होते. तिथे आम्ही रांगेत असायचो. रविवारी माणसे यायची, गायची, डोळे मिटायची. माझ्यावर बसणारा नेहमी समोर बघायचा, त्यामुळे मला दिसायची ती पुढच्याची पाठ. पण ऐकू सगळे यायचे. चुकलेल्या माणसाला देव टाकून देत नाही, उलट त्याला शोधायला निघतो, हे मी तिथे इतक्या वेळा ऐकले की ते माझ्या वेतात मुरले. उपासना संपली की लोक दारात घोळका करून गप्पा मारायचे, नवे कपडे न्याहाळायचे आणि घरी जायचे. मग दाराला कुलूप. आठवडाभर आम्ही बहिणी एकमेकींकडे बघत बसायचो. एवढी चांगली बातमी ऐकलेली माणसे ती घेऊन कुठे जात असतील, असे मला वाटायचे.

पुढे चर्चमध्ये लांब बाके आली आणि आम्ही अडगळ झालो. कुणीतरी सुचवले, इस्पितळाला देऊन टाका. टेम्पोत घालून आम्हाला इथे आणले. बहिणी वेगवेगळ्या वॉर्डांत गेल्या. त्यांचे पुढे काय झाले, मला ठाऊक नाही.

इथले पहिले दिवस माझ्या आयुष्यातले सर्वांत चांगले. त्याच चर्चमधल्या एक निवृत्त शिक्षिका दुपारी यायच्या. सगळे त्यांना बाई म्हणायचे. त्या आल्या की पर्स खिडकीत ठेवायच्या आणि मला ओढून खाटेला चिकटवायच्या. "खुर्ची लांब असली ना, की बोलणं तब्येतीच्या पुढे जातच नाही," असे त्या सिस्टरांना सांगायच्या.

तेव्हा या खाटेवर एक गवंडी होता. बांधकामाच्या परांचीवरून पडून त्याचा पाय गेला होता आणि देवाचे नाव काढले की तो अंगावर यायचा. बाई आल्या की तो भिंतीकडे तोंड करायचा. बाई संत्रे सोलायच्या, फोडी कागदावर ठेवायच्या आणि जायच्या. काही दिवसांनी भिंतीकडे बघतच तो खेकसला, "तुम्हाला दुसरी कामं नाहीत का हो?"

"आहेत की, ढीगभर," बाई म्हणाल्या. "पण त्यांना घाई नाही."

गवंडी वळला. मग त्याने एक फोड उचलली. त्या दिवसापासून तो बोलू लागला. आधी पायाविषयी, मग रागाविषयी आणि शेवटी स्वतःहून म्हणाला, "माझ्यासाठी काही मागता का त्याच्याकडे? मला मागता येत नाही." बाईंनी त्याचा चुन्याने खरखरीत झालेला हात धरला आणि प्रार्थना केली. घरी जाताना कुबडी सावरत त्याने माझ्या पाठीवर थाप मारली. "बसायला ही नसती तर बाई उभ्याने दमून गेल्या असत्या," तो म्हणाला. मित्रांनो, आयुष्यात मला मिळालेली तेवढीच शाबासकी.

मग बाईंचे गुडघे गेले. शेवटच्या खेपेला त्या कठड्याला धरून, पायरीपायरीला थांबत वर आल्या. "आता नाही जमायचं," त्या सिस्टरांना म्हणाल्या. "पण मी चर्चमध्ये सांगते. कुणीतरी येईलच."

ते कुणीतरी आलेच नाही. वॉर्डातल्या मावशींनी काही दिवस वाट पाहिली आणि मग धुतलेल्या चादरींची चळत माझ्यावर ठेवायला सुरुवात केली. ज्यांची माणसे येत, ती खाटेच्या कडेवर टेकत. ज्यांचे कुणी येत नसे, त्यांना खुर्ची काय कामाची? चादरींचे ओझे फार नव्हते. पण चादरींना काही सांगायचे नसते आणि काही ऐकायचेही नसते.

अशात ड्रायव्हरकाका आले. जन्मभर ट्रक चालवलेला माणूस. आवाज असा, की खोकले तरी पलीकडच्या वॉर्डात कळावे. आल्या आल्या त्यांनी खाटेच्या लोखंडी कडेवर हात फिरवला आणि म्हणाले, "चाकं आहेत म्हणजे आपलीच गाडी." सगळा वॉर्ड हसला. सिस्टर सुई घेऊन आल्या की ते विचारायचे, "टोलनाका आला का?" पण भेटीच्या वेळेला दार उघडायचे तेव्हा ते चादर डोक्यावर ओढून घ्यायचे आणि झोपल्याचे सोंग करायचे. जागेपणी कुणी न येण्यापेक्षा झोपेत कुणी न आलेले बरे, असा त्यांचा हिशेब असावा.

त्यांचा आजार हटणारा नव्हता. डॉक्टरांनी ते त्यांना सांगितले. नंतर सिस्टर औषध द्यायला आल्या, तेव्हा हळूच म्हणाले, "सिस्टर, एक फोन कराल का? चर्चमध्ये. लहानपणी मी तिथे गायचो. पुढे तिकडे पाऊल टाकलं नाही. पाळकांना म्हणावं, एकदा येऊन जा."

पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, आले. तरुण, हसऱ्या चेहऱ्याचे, चांगले गृहस्थ होते. एका हातात किल्ल्या, दुसऱ्या हातात मोबाइल. खाटेच्या पायाशी उभे राहिले.

"बसा ना साहेब," काका म्हणाले.

पाळकांनी माझ्यावरच्या चादरी पाहिल्या. "राहू द्या, बसत नाही. खाली लोक थांबलेत. सभागृहाचं काम काढलंय ना, फरशी पसंत करायचीय. कसं वाटतंय आता?"

"बरं आहे. साहेब, मला एक विचारायचं होतं..."

तेवढ्यात मोबाइल वाजला. पाळकांनी तो बंद केला, डोळे मिटले आणि भरभर प्रार्थना केली. शब्द सगळे बरोबर होते. मग काकांच्या पायावर हात ठेवून म्हणाले, "सोमवारी निवांत येतो. मग बोलू सगळं. नक्की."

"सोमवारी," काका म्हणाले.

त्या सोमवारी सकाळी काकांनी मावशींना हाक मारली. "मावशी, हा कपड्यांचा डोंगर हलवा बघू. पाहुणे यायचेत."

मावशींनी चादरी उचलल्या आणि ओल्या फडक्याने मला पुसले. काकांनी दाढी केली. हनुवटीला कापले, त्यावर कागदाचा कपटा चिकटवला. मग मला आपल्याकडे ओढायला लावले आणि दुपारच्या शांततेत, शेजारचे झोपलेले असताना, ते माझ्याशी बोलू लागले. माझ्याशी म्हणजे माझ्यावर जे बसणार होते त्यांच्याशी. मुलाखतीला जाणारा माणूस आधी घोकतो ना, तसे.

"साहेब, मी बायकोला टाकून गेलो. पोरगी लहान होती. ट्रकवर गेलो तो परत घरी गेलोच नाही. बायकोने धुणीभांडी करून पोरीला वाढवलं. मला कळत होतं. तरी गेलो नाही. आता बायको वारली. पोरगी कुठे आहे, माहीत नाही." इथे त्यांचा तो गडगडाटी आवाज अगदी बारीक झाला होता. "ज्या बाईची माफी मागायची, तीच राहिली नाही. मग देव मला माफ करील का? की तिच्या सहीशिवाय माझा कागद पुढे सरकणारच नाही? एवढंच सांगा. खोटं सांगू नका."

मित्रांनो, मला उत्तर माहीत होते. चर्चमध्ये कितीदा ऐकले होते, बाईंच्या तोंडून याच जागी ऐकले होते. जो पश्चात्तापाने येतो त्याला तो प्रभू दारातून परत पाठवत नाही, आणि ज्यांचे देणे आपल्याला फेडता येत नाही त्यांनाही तोच सांभाळतो. पण मी लाकूड आहे. मला तोंड नाही. त्या दुपारी मला पहिल्यांदा सुताराचा राग आला. चार पाय दिलेस, एक तोंड का नाही दिलेस?

जिन्यात पावले वाजली की काका केस नीट करायचे. पावले पुढे निघून जायची. भेटीची वेळ संपली. मावशी चादरी घेऊन आल्या, तेव्हा त्यांनी हात आडवा केला. "राहू द्या रिकामी. कामात अडकले असतील. उद्या येतील."

दुसऱ्या दिवशी उजाडताना काका गेले. कुणाला हाक मारली नाही. त्यांचा हात खाटेवरून सरकून माझ्या बैठकीवर आला होता. सिस्टरांनी तो अलगद उचलून चादरीत घेतला. वेतावर त्याची ऊब थोडा वेळ राहिली, मग तीही गेली.

पाळक त्याच दुपारी आले. हातात फळांची पिशवी होती. खाटेवर नवी चादर ताठ घातलेली पाहून ते आधी चुकीच्या वॉर्डात आल्यासारखे इकडेतिकडे बघू लागले.

"काका कुठे हलवले?" त्यांनी विचारले.

"काका सकाळी गेले, साहेब," सिस्टर म्हणाल्या.

"काल मीटिंग लांबली हो. मी म्हटलं, एक दिवसाने काय..." त्यांनी वाक्य पुरे केले नाही. मग विचारले, "त्यांना काहीतरी विचारायचं होतं. तुम्हाला बोलले का?"

"मी विचारलं होतं. म्हणाले, ते पाळकांनाच विचारीन."

सिस्टर कामाला गेल्या. पाळक माझ्यावर बसले. पहिल्यांदाच बसले. पिशवी मांडीवर घट्ट धरली होती, जणू कुणी ती हिसकावून घेणार होते. त्यांचे खांदे हलत होते ते मला पाठीशी जाणवत होते. ज्या प्रश्नासाठी ते आले होते, तो प्रश्न त्यांच्याखालीच होता आणि मला तो त्यांना देता येत नव्हता.

इतक्यात वॉर्डबॉय नवा रोगी घेऊन आले. हडकुळा शिंपी होता, बोटांवर सुयांचे बारीक काळे ठिपके. बरोबर कुणी नव्हते. त्याला खाटेवर निजवले आणि ते निघून गेले. शिंप्याने छताकडे बघत डोळे विस्फारले होते. घाबरलेला माणूस तसेच बघतो.

पाळक उठायला गेले. तेवढ्यात मोबाइल वाजला. "हो... नाही, फरशीचं तुम्हीच ठरवा. मी आज येत नाही," ते म्हणाले आणि फोन बंद करून खिशात टाकला. मग उभे राहून त्यांनी मला खाटेजवळ ओढले.

"बसू का जरा?" त्यांनी विचारले.

"बसलाच होतात की," शिंपी म्हणाला. "तुम्ही कोण? डॉक्टर?"

"नाही. मी चर्चमधून आलोय. पाळक आहे."

"म्हणजे माझं काही खरं नाही तर!"

पाळक डोळे पुसत हसले. "तसं काही नाही. मला वेळ आहे, म्हणून बसलोय."

शिंप्याने त्यांच्याकडे नीट पाहिले. "मला भीती वाटते हो," तो अचानक म्हणाला. "कुणाला सांगितलं नाही." आणि तो सांगू लागला. पाळक संध्याकाळपर्यंत ऐकत होते. देवाविषयी ते अगदी शेवटी बोलले, तेही शिंप्याने विचारल्यावर. शब्द थोडेच होते, पण घाईचे नव्हते.

शिंपी बरा होऊन गेला. पाळक येत राहिले. कधी कुणाला बरोबर आणायचे आणि त्यांना एवढेच सांगायचे, "ज्याला विचारायचं असतं, त्याला उद्या असतोच असं नाही." काही जण टिकले. काही जण एकदा औषधांच्या वासाने नाक दाबून गेले ते गेलेच. पुढे त्या पाळकांची बदली झाली. नवे पाळक कसे आहेत, मला सांगता येणार नाही. त्यांना मी अजून पाहिलेले नाही.

सध्या या खाटेवर एक म्हातारे घड्याळजी आहेत. डोळ्यांनी त्यांना जवळजवळ दिसत नाही. दार वाजले की ते मान वळवून विचारतात, "कोण आलं?" मावशी असतात, नाहीतर झाडूवाला. "कुणी नाही, आजोबा." ते मान पुन्हा उशीवर ठेवतात. अधूनमधून त्यांचे ओठ हलतात. काहीतरी जुळवत असावेत. काय ते मला नीट ऐकू येत नाही, कारण चादरी पुन्हा माझ्यावर आल्या आहेत.

मित्रांनो, मला पॉलिश लावा, माझा डावा पाय दुरुस्त करा, असे माझे काही मागणे नाही. तुम्हाला पाय आहेत, कान आहेत, आणि प्रभूच्या प्रेमाचे चार शब्द बोलता येतील असे तोंड आहे. मोठे झाल्यावर येऊ, परीक्षा झाल्यावर येऊ, असे म्हणू नका. घरातल्या मोठ्या माणसाचा हात धरा आणि या. भेटीची वेळ चार वाजता सुरू होते. आजोबांनी आत्ताच विचारले, "कोण आलं?" आणि मावशी आज वॉर्डात नाहीत, म्हणून त्यांना अजून कुणी उत्तर दिलेले नाही.