सीटमधला नाग
दर गुरुवारी आचोळ्याच्या मैदानात ती पांढरी परदेशी गाडी येऊन थांबायची आणि रणरणत्या उन्हात दोनशे माणसं तिच्यापुढे रांग लावायची. काचांना जाड पडदे, इंजिन बंद, विस्तवाचा पत्ता नाही. तरी पुढची सीट आपोआप तापायची! सन २००३ उजाडलं होतं, पण गाडीची सीट मुद्दाम तापवावी लागते असा मुलूखही असतो, हे वसईच्या घामट हवेत कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

"माझे गुरू बसलेत इथे," आसनबाबा डोळे मिटून सांगत. "त्यांची ऊब लागली की लुळ्या पायात प्राण येतो!" काठी टेकत आलेला एक म्हातारा तर पाच मिनिटांत ओरडत उठला होता. टाळ्यांचा कडकडाट झाला. गुरूंना नेमकी गाडीतलीच जागा का आवडली, हे कोणी विचारलं नाही.

चंदनसारची जयवंती तरी काय विचारणार? तिचा नवरा प्रल्हाद रंगकाम करताना परांचीवरून पडला आणि कंबरेखाली बधिर झाला. डॉक्टरांनी आशा सोडल्यापासून ती दिसेल त्या दारात पदर पसरत होती. दोन गुरुवार तिने त्याला तासतासभर त्या सीटवर बसवलं. दुसऱ्या खेपेनंतर मांडीच्या मागे फोडांची नागमोडी रेघ उठली.

"रोगाचा नाग बाहेर पडतोय," बाबा म्हणाले. "डॉक्टरला दाखवलंस तर परत आत शिरेल."

ती रोज त्या रेघेवर अंगारा लावत होती. आज तिसरा गुरुवार. रेघ चिघळली होती, प्रल्हादला सकाळपासून ताप होता, आणि नेमकी आजच सीट थंडगार!

"कोणीतरी विटाळ घेऊन आलंय!" बाबा कडाडले. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. बाबांचा एक शिष्य मात्र गुपचूप सातिवलीला जाऊन गाड्यांचं वायरिंग करणाऱ्या रोनाल्डला बॅटरीसकट घेऊन आला.

"महिन्यापूर्वीच नवीन टाकली होती ना? एवढ्यात उतरली कशी?" रोनाल्ड पुटपुटला. त्याने बॅटरी जोडून मीटर लावला. काटा उडाला. "इंजिन बंद, दिवे बंद. मग करंट खातंय कोण?" तो एकेक फ्यूज काढत गेला. एक फ्यूज काढताच काटा शून्यावर आला. तिथून निघालेली वायर सरळ सीटखाली गेली होती.

"दादा, बाजूला व्हा," जयवंती रडकुंडीला आली. "आमचा नंबर आहे. ह्यांना ताप आहे हो!"

"थांबा वहिनी. आधी हे बघा."

बाबा अडवायला धावले, पण रोनाल्डने सीटचं कव्हर ओढून काढलं होतं. "बर्फाच्या देशात गारठा लागू नये म्हणून सीटमध्ये ही तार घालतात. इस्त्रीसारखी तापते. पुरेशी तापली की बंद करणारा एक भाग असतो, तो यात बिघडलाय. म्हणून तापतच राहते. ज्याला चटका कळतो, तो ओरडून उठतो."

"आणि ज्याला कळत नाही?" जयवंतीने विचारलं.

रोनाल्डने सीटच्या आत बोट दाखवलं. स्पंजवर नागमोडी तार होती, मधे काळी पडलेली. ती वळणं जयवंतीला तोंडपाठ होती. आठवडाभर ती स्वतःच्या बोटाने त्यांच्यावर राख लावत होती.

"जया," प्रल्हाद क्षीण आवाजात म्हणाला, "मला काही कळत नव्हतं गं. तुला तर दिसत होतं ना?"

"रोनाल्डदादा, हॉस्पिटलला सोडाल?" तिने विचारलं. त्याने मान हलवताच ती रांगेकडे वळली. पुढचा नंबर असलेली बाई पोलिओ झालेल्या मुलीला कडेवर घेऊन अजूनही तशीच उभी होती. जयवंतीने तिचा हात धरून त्या तारेपाशी आणला.

"ताई, नीट बघा. सीटखाली काय आहे, ते विचारा. विचारलं म्हणून देव रागावत नाही. मी विचारलं नाही, म्हणून माझा माणूस भाजला."