ठ चं लोंबतं पोट

सुनेला चालायची रीतच नव्हती. शहाणी माणसं पुढे बघून चालतात; ही डोळे किलकिले करून भिंतीकडे बघत उलटी चालायची आणि सासूबाईंच्या दुधाच्या पातेल्यावर येऊन आदळायची. भिंतीभर तिनं घडवलेली अक्षरं, ती लांबून कशी दिसतात ते बघायला हा खटाटोप. ना फुलोरा ना टोक, ना कुठे जाड ना बारीक. न्हाऊन नुकतीच उभी राहिलेली पोरं जशी!

आज बसच्या कचेरीतल्या बाई ही अक्षरं बघायला येणार होत्या. पसंत पडली तर पाट्यांसाठी गावातल्या प्रत्येक थांब्यावर हीच अक्षरं. नाही पडली तर सून पुन्हा साबणाची वेष्टनं रंगवायला मोकळी, आणि नातू बाळ असल्यापासूनची मेहनत पाण्यात.

सुनेनं फाटकावर ‘नदीकाठ’ असा हातभर उंच कागद डकवला. ती कपडे बदलायला गेली, तशी सासूबाईंनी अक्षरांच्या पायाशी दोरा ताणून पाहिला. आणि काय! काना दोऱ्यावर टेकलेला, पण ठ चं पोट नखभर खाली लोंबतंय.

“अगं बाई! पाहुणीसमोर परकर दिसायचा!” त्यांनी झटकन पांढऱ्या कागदाची पट्टी चिकटवून पोट सरळ रेषेत आणलं. अब्रू राखली म्हणून स्वतःवरच खूश झाल्या.

बाई आल्या, समोरच्या पदपथावर उभ्या राहिल्या. सून शेजारी, सासूबाई मागे.

“बाकी छान आहे हो,” बाई म्हणाल्या, “पण हा ठ आखडल्यासारखा का वाटतो?”

सुनेचा चेहरा उतरला. सासूबाईंनी पाहिलं. खरंच की! दोरा बरोबर होता, तरी ठ मेला पाय पोटाशी घेऊन बसलेला. पदर खोचून त्या रस्त्यात घुसल्या.

“आई, गाडी!” सून ओरडली.

“थांबेल!” म्हणत सासूबाईंनी भोंगा वाजवणाऱ्या गाडीवाल्याला हातानंच गप्प केलं आणि फाटकाशी जाऊन पट्टी टर्रकन ओढली.

ठ जमिनीवर पाय टेकून उभा राहिला.

“अहो, परत लावा!” पलीकडून बाई ओरडल्या. “आता काढा! परत लावा!” सासूबाई लावत होत्या, काढत होत्या. बाई लहान मुलीसारख्या टाळ्या पिटत होत्या. सून हसत सांगत होती, “गोलाला रेषेखाली थोडं जास्त द्यावं लागतं, तेव्हा कुठे तो डोळ्याला बरोबरीचा दिसतो.”

“ठरलं,” बाई म्हणाल्या. “हीच अक्षरं लागतील!”

सासूबाई धापा टाकत रस्ता ओलांडून परत आल्या. सुनेच्या डोळ्यांत पाणी. तिनं त्यांचा हात धरला. “आई, पट्टी तुम्ही लावलीत?”

“मीच लावली, मीच काढली. ऐक आता. तुझं चालणं म्हशीचं, पण डोळा घारीचा. यापुढे उलटी चालशील तेव्हा आधी हाक मार, मी पातेलं उचलून घेईन. आणि त्या ठ च्या पोटाला कुणी हात लावला ना, तर गाठ माझ्याशी आहे म्हणावं!”