वहिनीच्या वाटचा रोडगा

या बायांनो, अशा जवळ सरकून बसा. आरतीला अजून वेळ आहे, तोवर आमच्या रोहणा गावातली एक गोष्ट सांगते.

आमच्या कोकिळावहिनीला गहू चालत नाही. सिलिॲक म्हणतात त्या दुखण्याला. गव्हानं आतड्याचं अस्तर झिजतं. किती वर्षं झाली, ती ज्वारीच्या भाकरीवर आहे. तरी यंदा वजन उतरलं, पोट धरून बसायला लागली. दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गहू अजून पोटात जातोय. सूज अशीच राहिली तर आतड्याच्या कॅन्सरची भीती वाढते. सगळ्यांना होतो असं नाही, पण पथ्य पाळलं तर भीती कमी होते. तपासायला आतड्याचा बारीक तुकडा काढलाय, रिपोर्ट येऊ द्या. खाता काय?"

"भाकर," वहिनी म्हणाली. मग हळूच, "अन् कीर्तनातला प्रसाद."

अण्णाजीदादा, माझा भाऊ, लगेच म्हणाला, "प्रसादात काय गहू असते का, मॅडम?"

"दादा, शिऱ्यातला रवा कायचा असते?" मी विचारलं.

"तू चूप राय, छाया. देवाचं बाधत नाई."

टाळ वाजले की माझेही पाय घरात ठरत नाहीत. पण त्या दिवशी कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं.

परतलो तर गावात सप्त्याची सांगता. महाप्रसादाला रोडगे, कणकेचे गोळे, गोवऱ्यांवर भाजून तुपात बुडवलेले. दादानं एक वहिनीच्या पानात ठेवला. "एक घास. प्रसादाले नाई म्हणू नये."

वहिनीचा हात पुढं झाला. मी तो रोडगा उचलला अन् खाऊन टाकला. "तिच्या वाटचा झाला. देव रुसला तं माह्यावर रुसू दे." नैवेद्यातलं केळ तिच्या हातात दिलं.

दुसऱ्या दिवशी पाहते तर दादा ज्वारीच्या पिठाचे रोडगे वळत बसलेला. वळेल तसे फुटत होते.

"हे तं चालते ना तिले?"

"चालते. पण परात कोणती घेतली?"

कालचीच. कडेला कणीक वाळून चिकटलेली. दादानं परातीकडे पाहिलं, मग वहिनीच्या उतरलेल्या तोंडाकडे. सगळं पीठ गाईपुढं ठेवलं अन् नवी परात आणायला आर्वीच्या गाडीत बसला.

रिपोर्ट अजून यायचा आहे. बायांनो, प्रसाद वाटताना कुणी हात मागं घेतला तर आग्रह करू नका. आमच्या कोकिळावहिनीची आठवण ठेवजा.