पाच, पाच, चार

सदतिसाव्या वर्षी माणूस चष्म्याचा नंबर बदलून घेतो, फार तर सकाळी फिरायला लागतो. मोजणीदारानं गोल्फ सुरू केला. तेही ठरवून नव्हे. एका गोल्फच्या मैदानाला शेजारचा माळ जोडायचा होता, म्हणून तो जमीन मोजायला गेला होता. जेवणाच्या सुट्टीत तिथल्या गवत राखणाऱ्या म्हाताऱ्यानं त्याच्या हातात सात नंबरची एक जुनी काठी दिली. "दुर्बिणीतून बघून अंतर सांगता साहेब, आता मारून दाखवा की!" मोजणीदारानं मारलं. म्हातारा तोंड उघडं टाकून बघत राहिला आणि मोजणीदार फीत घेऊन चेंडूमागे धावला. एकशे एकोणचाळीस मीटर. म्हाताऱ्यानं ती काठी त्यालाच देऊन टाकली.

"तेव्हापासून हे कामातून गेले," असं त्याची बायको पाहुण्यांना सांगायची आणि वर स्वतःच हसायची.

चव्वेचाळिसाव्या वर्षी नोकरी सोडून तो व्यावसायिक खेळाडू झाला. बरोबरचे खेळाडू त्याच्या मुलीच्या वयाचे. त्यांनी पहिल्याच आठवड्यात त्याचं नाव 'आजोबा' ठेवलं. त्यानं ते मनावर घेतलं नाही. खेळाडू म्हणून तो काही असामान्य नव्हता. पण अंतर त्याच्या हाडात मुरलेलं होतं, आणि वारा किती मीटर खाईल हे तो गवताचे शेंडे बघून सांगायचा. पाच हंगामांत एकदाच एका स्पर्धेत नववा आला. एरवी पुढच्या वर्षी खेळण्याचा परवाना, ज्याला सगळे नुसतं 'कार्ड' म्हणत, तो कसाबसा राखत आला.

बायको त्याची कॅडी, म्हणजे काठ्यांची पिशवी सांभाळणारी आणि अंतर सांगणारी सोबतीण. एका मोठ्या दवाखान्यात औषधांच्या खिडकीवर तिनं बावीस वर्षं गोळ्या मोजल्या होत्या. बोथट सुरीनं पाचाच्या ढिगानं सरकवायच्या. ओठ हलवायचे नाहीत, मध्ये कुणी बोललं तरी चुकायचं नाही. आता ती रोज सकाळी काठ्या मोजायची. खेळाडूला पिशवीत चौदाच काठ्या नेता येतात. एक जरी जास्त निघाली, तर ती घेऊन खेळलेल्या पहिल्या दोन होलांवर प्रत्येकी दोन, असे चार फटके दंड बसतो. खोलीतल्या पलंगावर काठ्या मांडून ती एकेकीवर बोट टेकवायची. पाच, पाच, चार. मग पिशवीची चेन ओढायची. त्या चेनच्या आवाजानं त्याचा दिवस सुरू व्हायचा.

ती जुनी सात नंबरची काठीही प्रवासात असायचीच, पण पिशवीत कधी नाही. खोलीच्या कोपऱ्यात उभी. मुठीला त्यानं मोजणीच्या कामातली लाल फीत गुंडाळली होती. खेळायला जाण्याआधी तो ती घेऊन आरशासमोर दहा-बारा वेळा हात फिरवायचा. बायको तिला 'सवत' म्हणायची.

यंदाच्या हंगामात मात्र काहीतरी बिनसलं होतं. खोलीची किल्ली एकदा बुटात सापडली. मग एकदा खेळ संपल्यावर ती भलत्याच फाटकाशी तासभर उभी होती. मुलगी दुसऱ्या शहरात शिक्षिका होती, तिचा फोन आला.

"बाबा, आईनं काल मला तीनदा फोन केला आणि तीनदा तेच विचारलं. तुम्ही तिला डॉक्टरकडे नेताय की मी येऊ?"

"दमते गं ती. उन्हातान्हात हिंडायचं म्हणजे काय खाऊ आहे का? हंगाम संपू दे, नेतो."

"कुणाचा हंगाम, बाबा? तुमचा की तिचा?"

त्यानं विषय बदलला. त्याला कळत नव्हतं असं नाही. गेले तीन महिने तो अंतरं स्वतःच एका छोट्या वहीत लिहून खिशात ठेवत होता. तरी प्रत्येक फटक्याआधी तिला विचारायचा, "किती गं?" ती वारा बघून ऐटीत एक आकडा सांगायची. तो मान डोलवायचा आणि आपल्या आकड्यानं मारायचा. यात तिला फसवल्यासारखं होतं खरं, पण ती नसती तर त्याचे हातच चालले नसते, हेही तितकंच खरं होतं.

हंगामाची शेवटची स्पर्धा तीन दिवसांची. पहिल्या वीस जणांना कार्ड. दोन दिवस संपले तेव्हा तो सतरावा होता. पन्नाशी चार महिन्यांवर आलेली, डावा गुडघा बोलू लागलेला. यंदा कार्ड हुकलं तर पुन्हा खालून चढत यायचं त्याच्यात त्राण नव्हतं. ते दोघांनाही ठाऊक होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो न्हाणीघरात दाढी करत होता. दार अर्धवट उघडं.

"पाच," बाहेरून आवाज आला. "पाच. तीन."

त्याचा वस्तरा गालावरच थांबला.

"पाच. पाच. तीन." या वेळी जरा हळू. परत एकदा तसंच. मग पावलं वाजली, कोपऱ्यापर्यंत जाऊन परत आली. आणि चेन ओढल्याचा आवाज.

"झाल्या का?" त्यानं विचारलं.

"झाल्या की! चौदा. आज काय नवीन विचारताय?"

तो तोंड पुसून बाहेर आला. पिशवी दाराशी तयार होती, त्याच्यापासून दोन पावलांवर. मोजायला दहा सेकंद लागले असते. पण त्यानं मोजल्या असत्या, तर त्याला कळलंय हे तिला कळलं असतं. आज नको, असं त्यानं स्वतःला बजावलं. त्यानं कोपऱ्याकडे पाहिलंच नाही. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला आरशासमोर हात फिरवायची आठवण झाली नाही.

त्याच्या जोडीला खेळायला एक डावरा खेळाडू होता, वयानं तिशीतला, तोंडाचा फटकळ. "काय काकू," त्यानं पहिल्याच होलवर सुरुवात केली, "आजोबांना जरा आवरा. आमच्या पोटावर पाय देतायत."

"तुझं पोटच एवढं पुढे आलंय, पाय पडणारच," ती म्हणाली. डावरा खो खो हसला.

पहिल्या चार होलांवर मोजणीदारानं दोन फटके वाचवले. हात गरम झाले होते. चेंडू जिथे बघावं तिथे जात होता. पाचवा होल आखूड, एकशे एक्केचाळीस मीटर, समोरून किंचित वारा.

"किती गं?"

"एकशे एक्केचाळीस," ती म्हणाली. अगदी बरोबर. त्याला भरून आलं.

"सात दे."

तिनं काठी काढून त्याच्या हातात ठेवली. तळव्याला गुळगुळीत रबराऐवजी खरखरीत कापड लागलं. त्यानं खाली पाहिलं. लाल फीत. मग पिशवीत पाहिलं. त्याची रोजची सात नंबरची काठी जागच्या जागी होती.

डावरा पाठमोरा होऊन आपल्या चेंडूची माती पुसत होता. कुणीही पाहत नव्हतं. काठी परत पिशवीत खुपसून दुसरी काढायला श्वासभराचा वेळ पुरला असता. तो श्वास त्यानं घेतला, सोडला.

"ऐक रे," तो डावऱ्याला म्हणाला. "माझ्या पिशवीत पंधरा आहेत. पंचांना बोलाव."

डावरा वळला. "थट्टा करताय का आजोबा? आज? कुणी घातली?"

"मी. घाईत राहून गेली."

"अहो, खोटं काय बोलता?" बायको मध्येच म्हणाली. तिच्या आवाजात जराही भीती नव्हती, उलट औषधांच्या खिडकीवरचा तो जुना रुबाब होता. "मी घातली. तीनदा मोजलं. एक कमीच येत होती. मी होते म्हणून लक्षात आलं, नाहीतर तेराच घेऊन आला असतात."

डावऱ्यानं एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. मग हातातला चेंडू पुन्हा पुसायला लागला, कितीतरी वेळ, आणि संध्याकाळपर्यंत एकही विनोद त्याच्या तोंडून निघाला नाही.

पंच आले, चार फटके लिहिले. जुनी काठी नियमाप्रमाणे खेळातून बाद म्हणून पिशवीत उलटी, मूठ खाली करून ठेवली. अठरापैकी उरलेले चौदा होल मोजणीदार चिवटपणे खेळला, काही तर सुरेख खेळला. प्रत्येक फटक्याआधी "किती गं?" असं विचारायला तो चुकला नाही.

निकालाचा फलक लागला तेव्हा त्यानं तिला चहा आणायला पाठवलं. विसाव्या जागेपासून तो तीन फटके मागे होता. त्यानं वजाबाकी दोनदा केली. दोन्हीदा उत्तर एकच आलं.

ती दोन्ही हातांत कप धरून, सांडू नये म्हणून जपून पावलं टाकत आली. "काय झालं हो?"

"नाही मिळालं."

"कितीनं?"

"सात," तो म्हणाला. "सात फटक्यांनी हुकलं."

तिनं डोळे बारीक केले. ओठ हलले नाहीत. "म्हणजे ते चार नसते तरी तीन उरलेच असते."

"उरलेच असते."

"मग त्या काठीचा काही दोष नाही."

"छे गं. काठीचा कसला दोष."

तिनं कप त्याच्या हातात दिला. चहात साखर नव्हती. त्याला दोन चमचे लागतात, हे तिला एकोणतीस वर्षं ठाऊक होतं. तो पूर्ण कप प्यायला.

खोलीवर आल्यावर त्यानं मुलीला फोन लावला. "सोमवारची वेळ घे," एवढंच म्हणाला. कार्डाचं काय झालं, हे मुलीनं विचारलं नाही.

फोन ठेवून तो वळला तर बायकोनं सामान बांधायला काढलं होतं. काठ्या पलंगावर मांडलेल्या, जुनी पुन्हा कोपऱ्यात. ती वाकून एकेकीवर बोट टेकवत होती.

"पाच. पाच. तीन."

ती थांबली. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, आणि पुन्हा तिथेच येऊन थांबली. तो मनातल्या मनात तिच्याबरोबर मोजत होता. पलंगावर चौदा होत्या. शेवटची, झाकण घातलेली, तिच्या बोटाखालून प्रत्येक वेळी सुटत होती. तिनं मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. आज दिवसभरात पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांत भीती होती.

"अहो, एक कमी आहे का हो?"

मोजणीदार कोपऱ्यापर्यंत गेला. लाल फितीची काठी उचलली, आणली आणि तिच्या हातात दिली.

"ही राहिली होती," तो म्हणाला.

तिनं ती बाकीच्यांच्या शेजारी सरळ रेषेत ठेवली, तिच्यावर बोट टेकवलं. "चार," ती म्हणाली, आणि तिचा चेहरा सैलावला. मग तिनं सगळ्या पंधराच्या पंधरा काठ्या एकेक करून पिशवीत भरल्या आणि चेन ओढली.