खळीनं चिकटवलेली भुतं

माझ्या नातीला, निधीला हॅलोविन करायचं होतं, रियाधमधल्या आमच्या फ्लॅटमध्ये. सून सुरुची हॉस्पिटलात नर्स. ड्युटीला निघताना मला बजावून गेली, "आई, भूत-बीत म्हणून अडवू नका हं. पहिल्यांदाच मैत्रिणींना घरी बोलावलंय तिनं."

मी कशाला अडवते? कोकणात जन्म गेला माझा. कागदाची भुतं मला काय भीती घालणार?

नात काळे कागद पसरून फरशीवर बसली होती. एरवी माझ्याशी दोन शब्द बोलायचे तर इंग्रजीत. त्या दिवशी कात्री पुढे करून म्हणाली, "आजी, वटवाघूळ कसं कापू?" गुडघे विसरून मी खाली बसले. माहेरी गणपतीच्या पताका मीच कापायचे. कागद दुमडला, कात्री फिरवली, उलगडला, तर वटवाघळांची रांग. पोरगी टाळ्या पिटायला लागली. मग कवट्या, मग भुतं. किती दिवसांनी अशी खेटून बसली होती!

चिकटवायला तिनं गमची कांडी काढली.

"फेक ती. मैद्याची खळ करते. आमच्या पताका विसर्जनापर्यंत हलत नसत."

"पण आजी, टीचर म्हणाली ग्लू स्टिकच—"

"तुझ्या टीचरनं कधी मखर सजवलंय?"

तिनं कांडी बाजूला ठेवली. मी खळ शिजवली, सुतळीवर कडा दुमडून चिकटवल्या, दिवाणखान्यात माळ बांधली. झकास दिसत होती, खोटं कशाला बोलू?

आमच्याकडे हवा दमट, खळ सावकाश वाळते. इथं हवा कोरडी ठणठणीत, त्यात समोर एसी. खळ पापडासारखी तडकली. शेजारची फरहाना आणि तिच्यासोबतच्या मुली आत आल्या आणि त्यांच्यादेखत एक भूत गळालं. मग कवटी. मग वटवाघळं सगळीच.

"निधी, तेरे भूत तो मर गए!" फरहाना खिदळली.

निधीही हसतच होती. तिथंच निभावलं असतं. पण मला वाटलं, पोरी मलाच हसतायत. सगळ्यांना कळावं म्हणून मी मुद्दाम हिंदीत बोलले, "इसनेच रद्दी कागद लाया. मैं बोली थी इसको."

मी तसं काही बोलले नव्हते. कागद चांगला होता.

निधीचं हसू तिथंच थांबलं. "इट्स ओके, आजी," एवढंच म्हणाली. भुतं गोळा केली आणि मैत्रिणींना घेऊन खोलीत गेली. दार लावून घेतलं.

दिवाळी तोंडावर होती. दुसऱ्या दिवशी ती शाळेतून आली तेव्हा मी रंगीत कागद घेऊन वाटच बघत होते. "ये गं बाळा, कंदील करू. तू सांगशील तसा."

"नको आजी. मम्मी विकतचा आणतेय."

रागानं म्हणाली असती तर मी समजूत काढली असती. ती अगदी शहाण्यासारखं बोलली, पाहुण्यांशी बोलतात तसं.

प्लास्टिकचा कंदील आला. सुरुचीनं स्टूल धरलं, निधीनं टांगला. मी सोफ्यावरून बघत होते. वायर प्लगपर्यंत पोचायला कमी पडत होती, ते मला दिसलं. बोलले नाही.